किल्ल्यांचा लिलाव

आमच्या चर्चमध्ये लिलाव होतो असं सांगितलं की बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण होतो, आणि असा दणक्यात होतो की लोहाऱ्याचा बाजारही त्यापुढं शांत वाटावा. ज्वारीची काढणी उरकली की आमचा हंगामाचा सण येतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते तो त्या रविवारी घेऊन येतो. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे ढाळे, तूर, गुळाची ढेप, भोपळे, एखादा पाय बांधलेला कोंबडा, सगळं वेदीपुढच्या टेबलांवर मांडायचं. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात, आणि उपासना संपली की बाहेर मांडवात एकेक वस्तू पुकारली जाते.

खरी मजा पुढं असते. घेणारा पैसे मोजतो आणि वस्तू घरी नेण्याऐवजी "पुन्हा देवाला!" असं ओरडून टेबलावर परत ठेवतो. मग तीच वस्तू पुन्हा पुकारायची. एका वर्षी एक अंडं असं हातोहात फिरत कोंबड्याच्या किमतीच्याही वर गेलं आणि शेवटी कुणाच्या तरी मुठीत फुटलं, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मात्र दोन नियम कडक. प्रार्थना झालेली वस्तू परत मागायची नाही. हवीच असेल तर बोली लावून सोडवायची. आणि शेवटची बोली ज्याची, त्यानं ती वस्तू घरी न्यायचीच. "राहू द्या इथंच" असं म्हणायची सोय नाही.

या चर्चची देखरेख मी करते. सकाळी घंटा, मग झाडलोट, बाकं पुसणं, प्रभुभोजनाचे पेले घासणं, लग्न असलं की दारं उघडून पाणी भरून ठेवणं, कुणी गेलं की कब्रस्तानाचं फाटक उघडणं, आणि मनोऱ्यातल्या कबुतरांशी रोजचं भांडण. मला हे काम आवडतं. सरळच सांगते, लई आवडतं. बाकं पुसून झाल्यावर दारात उभी राहून मागं बघते तेव्हा ती ओल्या लाकडाची चकाकी माझी असते. त्या बाकांवर बसूनच माझं लग्न लोकांनी पाहिलं, माझ्या लेकीचा बाप्तिस्माही तिथंच झाला.

पण आवडीवर घर चालत नाही. महिन्याला मला एक पाकीट मिळायचं. ते कधी पहिल्या आठवड्यात यायचं, कधी तिसऱ्या, आणि आत काय असेल ते त्या महिन्याच्या दानावर. सुट्टी हा प्रकारच नव्हता. मला चिकुनगुनिया झाला तेव्हा माझा नवरा पहाटे घंटा वाजवून मग वडापची, गावोगावी प्रवासी नेणारी जीप बाहेर काढायचा. प्रवासी त्याला विचारायचे, "ड्रायव्हर, धर्म बदलला का धंदा?"

सणाच्या आधीच्या आठवड्यात ढोकीकडच्या एका शाळेतून मला निरोप आला. शिपाईबाई पाहिजे. पगार बँकेत, रविवारी सुट्टी, म्हातारपणासाठी फंड, दवाखान्याचा विमा. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा सण होऊ द्या, पण त्यानंतर आठवड्याभरानं येणाऱ्या सोमवारी मला होय की नाही ते कळवा. त्याहून जास्त थांबता येणार नाही."

मी तशीच उठले आणि आमच्या पंच कमिटीपुढं जाऊन उभी राहिले. कमिटीचे मुख्य म्हणजे आमचे मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, निम्म्या गावाला शिकवलेले, माझ्या नवऱ्याचे कान पिळलेले. मी त्यांना म्हटलं, शाळा देते तेवढंच मला इथं द्या, मी कुठं जात नाही.

मास्तर मायेनंच बोलले, खोटं कशाला सांगू. "पोरी, ही सेवा हाय. सेवेला पगार लावला की तिचं मोल कमी व्हतंय. तुझं बक्षीस स्वर्गात हाय."

"असंल की मास्तर," मी म्हटलं, "पण गॅसवाला तिथं टाकी आणत न्हाय. तो हितंच येतोय, आन रोख मागतोय."

कमिटीतले आमचे एसटीचे कंडक्टरभाऊ, खजिनदार तेच, खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. नवीन आलेले तरुण पाळकसाहेब मात्र कासावीस झाले. त्यांचा पगार वरच्या कचेरीतून येतो, त्यामुळं त्यांना बोलायची चोरी. म्हणाले, "ताई, मी यासाठी प्रार्थना करतो."

"करा साहेब. पर त्या सोमवारच्या आत करा."

तेवढ्यावर बैठक संपली. घरी येऊन मी भांडी इतक्या जोरात घासली की शेजारीण विचारायला आली.

सणाचा रविवार उजाडला. आम्हाला शेत नाही. दरवर्षी मी भज्यांचं ताट नेऊन ठेवते. त्या दिवशी ते करायलाही वेळ मिळाला नव्हता, कारण सगळ्या गावाची पिकं वेदीपुढं मांडायला मीच होते. पुण्याला नोकरीला असलेली पोरंसुद्धा सणाला आलेली, पाय ठेवायला जागा नाही. अर्पणाची वेळ झाली. एकेक घर उठून पुढं येऊ लागलं. कुणी भोपळा घेऊन, कुणी सुपात गहू घेऊन, आणि तोंडावर काय तो अभिमान! मी भिंतीकडेला रिकाम्या हातानं उभी. आणि एकदम माझ्या डोक्यात वीज चमकली. मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, रांगेत शिरले आणि भोपळ्याशेजारी ठेवून दिला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटून हात पसरले आणि सगळ्यावर प्रार्थना केली. "आमेन" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मांडवात लिलाव पुकारायचा मान मास्तरांचा. आवाज अजून असा की मागच्या रांगेतलं पोरगं पाटी सावरून बसेल. गूळ गेला, ढाळे गेले, कोंबडा तीनदा देवाला गेला. आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार अण्णा, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरी कानडी बोलणारे, दरवर्षी भोपळ्यासाठी येतात. चर्चचे नाहीत, पण लिलाव त्यांच्यावाचून रंगत नाही. त्यांनी भोपळा घेतला, बगलेत मारला, आणि त्याच्या आडून किल्ल्या निघाल्या.

मास्तरांनी जुडगा वर धरला. "कुणाच्या किल्ल्या ऱ्हायल्या हितं?"

"ऱ्हायल्या न्हायत मास्तर," मी पुढं झाले. "म्या ठिवल्यात. आमचं रान न्हाय. माझ्याकडं पिकतंय ते हेच हाय."

आत चुलीवर मटण शिजत होतं, त्याचा रटरट आवाज ऐकू यायला लागला.

मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "असं काय करायलीस पोरी? उचल बघू."

मी हात पुढं केला नाही. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. "मास्तर, प्रार्थना झाली का त्याच्यावर?"

"झाली म्हणा."

"मग पुकारा की! गेल्या साली माझी बाजाराची पिशवी चुकून टेबलावर राहिली, तर तुम्ही मला माझीच पिशवी इकत घ्यायला लावली. आता नियम कुठं गेला?"

असा हशा उठला की कोंबडासुद्धा ओरडला. ती पिशवी सगळ्यांना आठवत होती. आत अण्णांची मेथी होती आणि मेथीसकट ती तीन घरं फिरून आली होती. मास्तरांचा इलाज चालेना. नियम त्यांचाच, मोडणार कसे?

"किल्ल्यांसंगं काम बी जातंय बरं का!" मी मोठ्यांदा सांगितलं. "घंटा, झाडलोट, कब्रस्तानाचं फाटक, कबुतरं, समदं!"

पण कोण ऐकतं? लोकांना चेव चढला होता. कंडक्टरभाऊंनी पहिली बोली लावली, पैसे मोजले आणि सवयीनं ओरडले, "पुन्हा देवाला!" मग सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी घेतला, त्यांनीही परत ठेवला. पुण्याच्या पोरांनी वर्गणी काढून घेतला, परत ठेवला. अण्णांनी एकदा "होगली, जाऊ दे!" म्हणत खिसा रिकामा केला. बोली वर वर चालली. इतकी वर, की आमच्या सणात कुठल्याही वस्तूला तेवढी कधी लागली नव्हती. मी बघतच राहिले. आधी गंमत वाटली, आणि मग असा राग आला की बस. माझ्या किल्ल्यांना हे लोक टाळ्या वाजवून एवढं देतात, आणि त्या किल्ल्या बाळगणाऱ्या बाईला द्यायची वेळ आली की सगळ्यांना स्वर्ग आठवतो!

जेवण तयार झाल्याची हाक आली. अशा वेळी लिलाव मिटवायची आमच्याकडं एक रीत आहे. पुकारणारा स्वतःच शेवटची बोली लावतो आणि टेबल मोकळं करतो. मास्तरांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं तेच केलं. थोडे पैसे चढवून स्वतःचं नाव घेतलं, "एक वार, दोन वार, तीन वार!" म्हणून टेबलावर हात आपटला, आणि हसत जुडगा माझ्यापुढं धरला.

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"शेवटची बोली तुमची मास्तर. तुमी घरी न्या."

पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही. मग कळलं. त्यांचे कान लाल झाले. पण मास्तर नियमाचा माणूस. त्यांनी किल्ल्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. खिसा खाली ओघळला, आणि ते तसेच जेवायच्या पंगतीकडं गेले.

माझा नवरा मटण वाढत होता. हातात पळी तशीच. "आता काय?" म्हणाला.

"आता मास्तरला इचारा." बोलले खरी, पण मी पुढचा काहीच विचार केलेला नव्हता.

सोमवारी पहाटे घंटा झाली. मी सवयीनं अंथरुणातून उडाले, पदर खोचला, आणि मग आठवलं. घंटा वेळेवर झाली होती. फक्त शाळा सुटल्यासारखी जरा लांबत गेली, एवढंच. माझा नवरा पांघरुणातून म्हणाला, "आता पाढे म्हणायला लावत्याल." मला हसू फुटलं, पण खोचलेला पदर काही सोडवेना. ती घंटा माझी होती.

आठवडाभर मी काही ना काही निमित्त काढून त्या रस्त्यानं जात होते. गिरणी दुसरीकडं, पण माझं दळण चर्चवरून. मास्तर झाडत होते. मास्तर टाकी भरत होते. बुधवारी आमच्यातली एक आजी वारली, तर भर उन्हात मास्तरांनी कब्रस्तानाचं फाटक उघडलं, माती सारखी होईस्तोवर उभे राहिले आणि शेवटचा माणूस गेल्यावर कुलूप लावलं. गावात दुसरा विषय नव्हता. अण्णांच्या दुकानात लोक साखर घ्यायला यायचे आणि मास्तरांची बातमी घेऊन जायचे.

शुक्रवारी ते कबुतरांच्या मागं शिडीवर चढलेले दिसले. सत्तरी उलटलेला माणूस! मी फाटकातून पळत गेले. "मास्तर, उतरा! न्हायतर शिडी तरी धरू द्या."

"धरायची न्हाय," वरून आवाज आला. "इकत घेतलंय म्या."

मी फाटकाबाहेर उभी राहिले, ते उतरेपर्यंत. उतरले, कपडे झटकले, काम चोख केलं होतं. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. मास्तरांना जमत होतं. आता ते म्हणणार, बघा, सत्तरीत मी फुकट करतो, हिला कशाला पगार? शनिवारी दुपारी मी नवऱ्याला सांगून टाकलं, परवा शाळेला होय म्हणून कळवते. तो जीप पुसत राहिला, पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला. आणि मी आत जाऊन रडले. शाळा चांगली होती, पण मला जायचं नव्हतं.

रविवारी उपासना झाली आणि मास्तरांनी सगळ्यांना बसून राहायला सांगितलं. पुढं उभे राहिले. किल्ल्या हातात.

"आठवडाभर म्या काम केलं," ते म्हणाले. "जमलं. मास्तरला जमलं न्हाय असं कुणी म्हणायचं न्हाय."

लोक हसले. 

"मंगळवारी कमरंत उसण भरली. दवाखान्यात गेलो, गोळ्या घेतल्या, पैसे दिले. कुठून दिले? पेन्शनीतून. आठ दिस रानाकडं फिरकलो न्हाय, तरी घरात चूल पेटली. कशावर? पेन्शनीवर. एक तारखंला ती बँकेत येतीया, दान कमी पडलं म्हणून थांबत न्हाय. म्हणून मला सेवा करता आली. माझी सेवा सरकार पोसतंय." ते थांबले. मग माझ्या नवऱ्याकडं बोट केलं. "आन हिची सेवा तो पोसतोय. जीप चालवून. आपुन समदे मिळून त्या एका माणसाच्या जिवावर पुण्य करायलाव."

माझा नवरा खाली मान घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते.

कंडक्टरभाऊ उठले. वाईट माणूस नाही, पण तिजोरी त्यांच्याकडं. "मास्तर, समदं मान्य. पर सणाचे पैसे कंपाउंडच्या भिंतीला ठरल्यात. भिंत पडायली. शेरडं आत येत्यात."

मग मात्र मला राहवलं नाही. मी उभी राहिले. बायका सहसा मधे उठून बोलत नाहीत आमच्यात, पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

"भाऊ, तुमचा एसटीचा संप चालू व्हता, तुमी आगारापुढं मांडव घालून बसला व्हता. तवा घंटा वाजवून, झाडून, मग ह्याच चर्चच्या चुलीवर तुमच्यासाठी भाकरी कुणी थापल्या? आन तुमी तिथं काय मागत व्हता? स्वर्ग मागत व्हता का पगार?"

"पगार," मागून सिस्टर म्हणाल्या.

"म्या बी तेच मागायले. पगार एक तारखंला, बँकेत. आठवड्याला एक सुट्टी. दवाखान्याचा विमा. आन म्हातारपणासाठी पोस्टात खातं, निम्मं तुमी भरा, निम्मं म्या भरते. शेरडं म्या हाकलीन, भाऊ. इतकी वर्षं मीच हाकलत आले."

कंडक्टरभाऊ उभे होते ते उभेच राहिले. मला वाटलं, संपलं, चिडले. आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या बायकोनं केला. सिस्टरनी केला. बघता बघता बाकांवरून हात उगवत गेले, अगदी मागच्या बाकावरच्या ज्वारी खुडणाऱ्या बायकांचेसुद्धा, ज्यांना स्वतःला सुट्टी कशी असते ते माहीत नाही. पाळकसाहेबांचे दोन्ही हात वर होते. ज्यांच्या घरी पगार येतो त्या घरांनी दर महिन्याचा वाटा तिथंच बोलून टाकला. शाळा देणार होती तेवढाच पगार, आणि भिंत पुढच्या हंगामाला. कुणीतरी ढोलकी ओढली, गाणं सुरू झालं, आणि मी, चाळिशी गाठलेली बाई, त्या पुसलेल्या बाकावर बसून लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होते.

बाहेर पडताना मास्तरांनी किल्ल्या पुढं केल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. "मास्तर, सुट्टीचा वार कोणता धरायचा?"

"रविवार तर आपल्याला चालत न्हाय," ते म्हणाले. "सोमवार धर."

"मग उद्या सोमवार हाय. परवा येते घ्यायला."

मास्तर असे हसले की त्यांना खोकला लागला. किल्ल्या पुन्हा खिशात गेल्या.

सोमवारी घंटा झाली आणि मी कूस बदलून झोपले. मग नवी साडी नेसून नवऱ्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. म्हटलं, माकणीला जायचं, धरणाचं पाणी बघायचं. इतकी वर्षं हा रोज तिकडं जातो, मी कधी गेले नव्हते. जीप भरली, लोहारा मागं पडलं, दोन्ही बाजूला ज्वारी काढलेली मोकळी रानं. मी शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिकांना सांगितलं, बाई, माफ करा, मला येता येणार नाही, मी नोकरीला आहे.

"कुठं लागलात?" त्यांनी विचारलं.

"चर्चमध्ये. पगारी." जीपमधल्या सगळ्यांनी ऐकावं एवढ्या मोठ्यानं बोलले मी. नवरा समोर बघून गाडी चालवत होता, पण त्याचे कान हसत होते.

फोन ठेवला तसं मागच्या सीटवरून एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. मांडीवर डबा, हातावर तव्याचे चटके. एका मठात स्वयंपाकाला असते म्हणाली, सणावाराला शेकडो माणसांचं रांधते, सेवेकरी म्हणून. "चर्चात बी पगार असतोय व्हय?"

"असतोय की. मागावा लागतोय."

तिनं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग पुढं वाकली. "कसा मागितला? सांगा की. समदं सांगा."

मी मागं वळून बसले आणि अगदी पहिल्यापासून सुरू केलं. मधेच नवऱ्यानं हाक दिली, "मावशी, तुमचा फाटा आला." तिनं खिडकीबाहेर पाहिलं, फाटा मागं गेला, आणि ती मला म्हणाली, "थांबू नगा. फुडं काय झालं?"